शिक्षिकेची स्मरणिका छापून घ्यायची असेल तर: कराडच्या एका प्रेसचा अनुभव

आधी व्यवहाराचं सांगते, कारण निम्मे लोक तेवढंच वाचायला येतात. एक अष्टमांश डेमी आकार (नेहमीच्या पुस्तकाएवढा), आत ९६ पानं काळी-पांढरी ७० जीएसएम (म्हणजे कागदाचं वजन) मॅपलिथो कागदावर, मध्ये ८ पानं रंगीत आर्टपेपरवर, ३०० जीएसएम आर्टकार्डचं कव्हर, त्याला मॅट लॅमिनेशन, परफेक्ट बाइंडिंग (डिंकाने चिकटवलेलं), ५०० प्रती. टायपिंग, मांडणी, फोटो स्कॅन करणं, प्रुफं (तपासायला काढलेल्या प्रती) असं सगळं धरून ४६,००० रुपयांच्या घरात गेलं. पुण्याच्या एका प्रेसने ह्याहून कमी सांगितलं होतं, पण मजकूर आम्ही ‘रेडी पीडीएफ’, म्हणजे छपाईला तयार फाइल, करून द्यायचा ह्या बोलीवर. आमच्या दिवंगत शिक्षिकेच्या, बाईंच्या, स्मरणिकेची ही समिती: मी पोस्टातून निवृत्त झालेली, एक एसटीतले माजी कंट्रोलर, एक किराणा दुकानदार, दोन माजी शिक्षक, बाईंचा धाकटा मुलगा आणि अध्यक्ष. रेडी पीडीएफ कोण देणार?

पाचपैकी चार स्टार देतेय. फोड करायची तर छपाईला साडेतीन, वरच्या मजल्यावरच्या डीटीपीला (संगणकावरचं टायपिंग आणि मांडणी) पाच, वेळ पाळण्याला दोन.

कशासाठी छापलं ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आमच्या बाई पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर होत्या. १९६५ ला नोकरीला लागल्या, २००२ ला निवृत्त झाल्या, मधली तीन वर्षं तेवढी माण तालुक्यात बदली होती. तालुक्याबाहेर त्यांना कोणी ओळखणार नाही. आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव ज्याचा त्यानेच भरायचा असतो म्हटल्यावर त्यांनी तो कधी भरला नाही. २०२४ मध्ये गेल्या. वर्षश्राद्धाला काहीतरी करावं असं ठरलं, कोणी पुतळा म्हणालं, कोणी शाळेला कमान म्हणालं, शेवटी पैशाकडे बघून स्मरणिकेवर आलो.

प्रेस कराडात एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खाली मशिन, वर डीटीपी. मुख्य धंदा लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि निवडणूक आली की हँडबिलं. मालक पन्नाशीचे, बोलायला मोकळे, कोटेशन कागदावर लिहून देतात. त्यात कागद, प्लेट, छपाई, बाइंडिंग वेगवेगळं दाखवलेलं असतं, ते मला आवडलं. दोन प्रुफं धरलेली, तिसऱ्यापासून पानामागे जादा आकार. हेही आधी लिहून देतात, त्यामुळे नंतर तक्रारीला जागा नाही.

आता वरच्या मजल्याचं. डीटीपीला एक मुलगी आहे, पंचविशीची असेल. समितीकडे चाळीसेक लेख जमले होते. काही फुलस्केपवर, काही व्हॉट्सअ‍ॅपवर, एक लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला. आम्ही गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. पुढच्या खेपेला गेलो तर तिने निम्मेच टाइप केलेले. म्हटलं का गं? तर म्हणाली, “काकू, अकरा लेखांत ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णू’ आहे. आमचं टायपिंग पानावर असतं. अकरा वेळा पैसे कशाला देताय?”

कंट्रोलरसाहेबांना ते पटलं, त्यांना खर्च वाचला की पटतंच. मग तिने हळूच दुसरं काढलं. “बाई शिस्तप्रिय होत्या पण मनाने फार प्रेमळ होत्या, हे एकोणीस जणांनी लिहिलंय. काय केल्यावर मार बसायचा, ते एकानेही लिहिलेलं नाही.”

मालक खालून वर आले आणि त्यांनी फर्म्याचं गणित मांडलं. सोळा पानांचा एक फर्मा. सहा फर्मे म्हणजे ९६ पानं. सत्त्याण्णवावं पान आलं की पुढचा फर्मा लावायचा, त्याची प्लेट वेगळी, कागद वेगळा, मशिनला परत जोडणी. आमचा मजकूर जसाच्या तसा लावला तर १४० पानांच्या पुढे जात होता. म्हणजे कापायचं होतंच. प्रश्न एवढाच, काय कापायचं?

त्या मुलीने स्वतः काही कापलं नाही, ते तिचं कामही नाही. तिने कच्चं प्रूफ काढलं आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं: कधी? कुठे? कोणाला? किती? एवढंच. आम्ही ती प्रुफं ज्याची त्याला नेऊन दिली. काही जण रागावले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी “छापखान्यातली पोरगी मला शिकवणार का” असं म्हणून लेख परत घेतला. (तो लेख मी वाचलाय. काही गेलं नाही.) पण बहुतेकांनी बसून परत लिहिलं.

एक उदाहरण देते. आमच्याच वर्गातल्या एकाने लिहिलं होतं, ‘बाईंनी गोरगरीब विद्यार्थ्यांना सदैव मदतीचा हात दिला.’ समासात प्रश्न: कोणाला? काय दिलं? दुसऱ्या खेपेला त्याच जागी आलं ते असं: सातवीच्या स्कॉलरशिपला केंद्र कराडला होतं. आदल्या दिवशी बाई त्याला एसटीने घेऊन गेल्या, आपल्या मावसबहिणीकडे ठेवलं, रात्री नऊला दिवा घालवला, पहाटे उठवून पोहे दिले, आणि पेपरला निघताना आपल्या मिस्टरांचं घड्याळ त्याच्या हातात बांधलं. पट्टा मोठा होत होता म्हणून मनगटाला दोऱ्याने. तो आज नवी मुंबईत ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, स्कॉलरशिप काही मिळाली नव्हती. तेही त्याने लिहिलंय.

(आजच्या पालकांसाठी: तेव्हा स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला होती. मध्ये, २०१६-१७ पासून, काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती. प्रुफात तिने ह्यावरही खूण केली होती, “सातवी की आठवी?” म्हणून.)

माझ्या लेखालाही पेन्सिल लागलीच. मी सेवाभावी वगैरे लिहिलं होतं, दुसरं काय लिहिणार, सगळे तेच लिहितात. ती म्हणाली, “काकू, तुम्ही काउंटरच्या आत होतात ना? बाहेर काय दिसायचं ते लिहा.” मग मी मनीऑर्डरचं लिहिलं. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या घरचा पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर माथाडीत, आणि घर मनीऑर्डरवर. नियमाने पैसे पोस्टमन घरी जाऊन देतो, पण बाजारच्या दिवशी, शनिवारी, बायका खिडकीवरच यायच्या. सही येत नसेल तर अंगठा, ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’, आणि अंगठा असला की ओळखीचा साक्षीदार लागायचा. शनिवारी शाळा सकाळची. शाळा सुटली की बाई पिशवी घेऊन थेट पोस्टात यायच्या आणि बाकावर बसायच्या. फॉर्मच्या खालच्या कुपनावर नवऱ्याने दोन ओळी लिहिलेल्या असायच्या, त्या वाचून दाखवायच्या, हळू आवाजात, शेजारचीला ऐकू जाणार नाही अशा. मग साक्षीदार म्हणून सही करायच्या.

पण फुकट नाही. पहिल्याच वेळी सांगायच्या, “तीन महिने मी सही करीन. चौथ्या महिन्यापासून तू करायची.” आणि पिशवीतून पाटी काढायच्या. त्या बाकावर नाव गिरवत बसलेल्या बायका मी रोजच्या कामाच्या गर्दीत बघितल्यात. चौथ्या महिन्यात एखादीला जमलं नाही तर बाई खरंच साक्षीदार व्हायला नकार द्यायच्या. एकदा एक बाई रडायला लागली, मला काउंटरवर कसंतरी झालं, मी म्हटलं बाई करा की सही. त्या म्हणाल्या, “तू तुझं काम कर.” ती बाई अर्ध्या तासाने परत खिडकीशी आली आणि तिने आडवंतिडवं, पण नाव काढलं. माझ्या टेबलावरचं शाईचं पॅड पूर्वी महिन्याला वाळायचं, ते पुढे पुढे किती दिवस पुरायला लागलं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार! नव्वदीत साक्षरता अभियान आलं तेव्हा आमच्या पेठेतल्या बायका वर्गात बसल्या त्या ‘आम्हाला सही येते’ म्हणूनच.

निवृत्तीनंतर शनिवारचं रोज झालं. संजय गांधी निराधारचे अर्ज, वारसाचे अर्ज, हयातीचे दाखले. पोस्टाचा बाक, तलाठ्याचं ऑफिस आणि बँक असा फेरा. वाचनालयाचंही काम होतं, ‘ड’ वर्गातून ‘क’ वर्गात गेलं त्यात त्यांचा हात होता, पण त्याबद्दल ग्रंथपालांनी स्वतंत्र लिहिलंय, मी सांगत नाही.

स्मरणिकेतलं सगळ्यात चांगलं पान मात्र कोणीच लिहिलेलं नाही. बाईंच्या मुलाने जुन्या कागदांची एक पिशवी आणली होती, फोटो शोधायला. त्यात दोनशे पानी वह्या निघाल्या. सरकारी हजेरीपटात हजर किंवा गैरहजर, दोनच गोष्टी. बाईंनी स्वतःची वेगळी वही ठेवली होती, गैरहजर का त्याची. तीन रकाने. नाव, कारण, काय केलं. कारणं अशी: भाताची लावण. धाकटा आजारी, आई कामाला. ओढ्याला पाणी. कपडे वाळले नाहीत. मुंबईहून वडील आले. लाजतो (केस कापलेत). विचारायचं राहिलं. आणि तिसऱ्या रकान्यात: शनिवारी घरी गेले. बहिणीला बरोबर घेऊन बस म्हटलं. ड्रायव्हरला सांगितलं, फाट्यावर थांबेल. दुसरा सदरा दिला. काही केलं नाही, येईल.

आम्ही ती वही बाजूला ठेवून फोटो शोधत होतो. डीटीपीच्या मुलीने ती उचलली, दहा मिनिटं वाचत बसली, टायपिंग थांबलं. मग मालकांना हाक मारली. त्या दोघांचं म्हणणं, ह्यातलं एक पान जसंच्या तसं छापा. ‘काळजी घेणाऱ्या शिक्षिका’ असं लिहून जे कळणार नाही ते ह्या तीन रकान्यांत आहे. मला लगेच पटलं. अध्यक्षांना पटवायला वेळ लागला, कारण निळी शाई काळ्या-पांढऱ्यात पुसट येते, म्हणजे रंगीत आठ पानांतलं एक पान वहीला द्यावं लागणार होतं, आणि त्या पानावर अध्यक्षांच्या हस्ते झालेल्या सत्काराचा फोटो होता. फोटो लहान होऊन दुसऱ्या पानावर गेला.

नावांच्या रकान्यावर त्यांनी कागदाच्याच रंगाची पट्टी टाकून दिली. ती मुलं आता पन्नाशी-साठीची, गावातच राहतात, ‘केस कापलेत म्हणून लाजतो’ हे नातवंडांनी वाचायला नको. हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं, प्रेसनेच सुचवलं.

तारखांच्या बाबतीतही ह्यांचं काम पक्कं आहे. बाईंची पहिली नेमणूक कोयनानगरच्या बाजूला एका वाडीत होती, आणि १९६७ चा भूकंप त्यांनी तिथेच काढला. त्याच्यावर दोन लेख होते. एकात तारीख १० डिसेंबर, दुसऱ्यात ११. दोन्ही लिहिणारे तिथलेच, दोघेही ठाम. खरी तारीख ११, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. पण माणूस झोपला दहा तारखेला आणि घर पडलं अंधारात, म्हणून जुनी माणसं ‘दहा तारखेची रात्र’ असंच म्हणतात. मुलीने पहिल्या लेखात ते वाक्य तसंच ठेवलं आणि तारीख वर शीर्षकात टाकली. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. म्हाताऱ्याचं बोलणंही मोडलं नाही, आणि वाचणाराही चुकत नाही.

भूकंपात पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, ती बहुतेक दगडमातीच्या भिंतींखाली. बाई तेव्हा तेवीस वर्षांच्या, लग्न व्हायचं होतं. वाडीतल्या एका आजोबांनी फोनवर सांगितलेलं त्यांच्या नातवाने रेकॉर्ड करून पाठवलं, ते ह्या मुलीने हेडफोन लावून ऐकून उतरवलं. त्याचे पैसे वेगळे लावले, पण योग्य लावले. आजोबा सांगतात, मदतीच्या गाड्या यायला लागल्या, घोंगड्या, भांडी, पत्रे, आणि प्रत्येक गाडीवाला विचारायचा ‘यादी आहे का?’ यादी कोणाकडे नव्हती. बाईंनी शाळेच्या ढिगाऱ्यातून हजेरीपट काढला. पोरांच्या नावावरून घरं, घरावरून माणसं, अशी यादी त्यांनी एका दिवसात केली. कोण गेलं, कोण दवाखान्यात, कोणाकडे म्हातारं माणूस, कोणाकडे अंगावरचं पोर. पुढे त्या भागात मदत त्याच यादीवर वाटली गेली. आणि आठवड्याभरात आंब्याखाली शाळा भरवली. का, तर पोरं मोकळी राहिली की ढिगारे उपसायला जातात आणि धक्के अजून बसत होते. धक्के आमच्याकडे आजही बसतात म्हणा. आम्ही त्यांच्या वर्गात होतो तेव्हा नियम होता, हललं की दप्तर सोडायचं, ओरडायचं नाही, मैदानात येऊन आपापल्या ओळीत बसायचं. आणि बाई हजेरी घ्यायच्या.

माणमधल्या वर्षांवर, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळावर, एकच लेख आला, दीड पानाचा. खडी फोडायच्या कामावर आईबापांबरोबर आलेल्या पोरांना दुपारी सुकडी वाटून झाली की तिथेच वर्ग, असं त्यात आहे. आणखी मिळालं असतं तर बरं झालं असतं. म्हसवडकडचं कोणी वाचत असेल तर समितीला कळवावं.

आता फोटोंचं, कारण तुम्ही स्मरणिका काढाल तेव्हा सगळ्यात जास्त डोकं इथेच जाणार. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याची साइज मरते, छपाईला उपयोग नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा मूळ प्रतच घेऊन जा. प्रेसने मूळ प्रती नंबर टाकून, पाकिटात घालून, सही घेऊन परत केल्या, एकही हरवली नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातले काही फोटो त्या खडबडीत सिल्क कागदावर असतात, ते स्कॅन केले की सगळ्या चेहऱ्यावर जाळी उमटते. त्यांनी ते स्कॅनरवर न घेता गच्चीतल्या उजेडात कॅमेऱ्याने काढले, जाळी पुष्कळ कमी झाली. अल्बमच्या चिकट पानाला बसलेले फोटो ओढून काढू नका, पानासकट न्या.

आणि इथेच माझी पहिली तक्रार. कव्हरवर बाईंचा एकटीचा फोटो हवा होता आणि तसा एकही नव्हता. ग्रुप फोटोत त्या कायम कडेला, अर्ध्या. मालकांनी एका ग्रुप फोटोतून चेहरा काढून कुठल्याशा अ‍ॅपमधून ‘क्लिअर’ करून आणला. बघितला तर कातडी गुळगुळीत, नाक सरळ, चष्म्याची एक काडी गायब. कोणा तरी चांगल्या घरच्या बाई दिसत होत्या, आमच्या नव्हत्या. बाईंच्या मुलाने बघून नुसती नकाराची मान हलवली. मालकांचं म्हणणं, हल्ली सगळे असंच मागतात, मृत्यूची जाहिरातसुद्धा अशीच करून देतो. आम्ही अडून बसलो तेव्हा मूळ फोटोच मोठा करून लावला, जरा दाणेदार आलाय, पण नाक त्यांचंच आहे. तुम्हीही छपाईला जाण्याआधी कव्हरचा फोटो घरच्या माणसाला दाखवा.

दुसरी तक्रार फाँटची. तीन-चार जणांनी श्रीलिपीत (संगणकावरच्या जुन्या मराठी फाँटात) टाइप केलेल्या जुन्या फाइल दिल्या होत्या. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे हल्लीच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, आणताना जोडाक्षरं तुटतात, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चं तर हमखास. ‘शेतकऱ्यांच्या’ आणि ‘कऱ्हाड’ दोन ठिकाणी चुकीचं छापून गेलंय. दुसऱ्या प्रुफात मी खूण केली होती, माझ्याकडे ते प्रूफ आहे, तरी राहिलं. मालकांनी मान्य केलं आणि बिलात थोडी सूट दिली.

तिसरी, वेळ. आमचं काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सापडलं. तेव्हा सगळ्या संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, त्यामुळे प्रेसमध्ये अहवालांचे ढीग. आमचं काम रोज उद्यावर. कार्यक्रमाच्या सकाळी २०० प्रतीच हातात आल्या, त्याही बाइंडिंगचा डिंक ओला असताना बांधलेल्या. त्यातल्या काही प्रतींची मधली रंगीत पानं उघडताच सुटली. उरलेल्या ३०० चार दिवसांनी आल्या, त्या घट्ट आहेत. सुटलेल्या प्रती त्यांनी बदलून दिल्या, पण कराडला न्यायच्या आम्हीच, एसटीच्या भाड्याचं कोणी विचारलं नाही.

चौथी म्हणावी तर मुखपृष्ठाचा रंग. पडद्यावर मोरपंखी दिसत होता, छापून आला तो निळसर. पडद्यावर रंग ठरवू नका, छापील नमुना मागा.

एका कागदासाठी मात्र मी त्यांना पैकीच्या पैकी देते. बाईंचा सातवीच्या फायनलचा दाखला आम्ही छापला, १९५८ चा. त्यावर ‘जिल्हा उत्तर सातारा’ आहे. खालच्या ओळीत आम्ही नुसतं ‘जिल्हा सातारा’ लिहिलेलं, मुलीने विचारलं की दाखल्यावर वेगळं का? मालक म्हणाले, माझ्या वडिलांच्या कागदांवरही तेच आहे, १९६० पर्यंत दोन होते, उत्तर सातारा म्हणजे आपला आणि दक्षिण सातारा म्हणजे आताचा सांगली. खाली एक ओळ टीप टाकली. आमच्या समितीत दोन माजी शिक्षक होते असं मी म्हणणार होते, पण एकाने लेखाबरोबर राजीनामाही दिला होता.

कोणी जावं? लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, झटपट बॅनर हवा असेल तर ह्यांच्याकडे जायची गरज नाही, कुठेही होईल, स्वस्तात होईल. तारीख पक्की असेल आणि हातात दोन महिने नसतील तरी जाऊ नका. पण एखाद्या अशा माणसाबद्दल पुस्तक करायचं असेल, ज्याचं नाव गावाबाहेर कोणाला माहीत नाही, तर इथे जा. अशा माणसाबद्दल आपण विशेषणं लिहितो आणि माणूस सुटून जातो. इथे टाइप करणारी वाचते, आणि अडलं की विचारते. लेख देतानाच माणशी दीड पानाची मर्यादा घाला आणि कागदपत्रं, वह्या, पत्रं, पावत्या, जे असेल ते सगळं बरोबर न्या. आपल्याला रद्दी वाटतं त्यातलंच काहीतरी पान होतं. फोन फारसा उचलत नाहीत, मेसेजला उत्तर देतात. दुपारी दीड ते तीन शटर अर्धं खाली असतं.

आमच्या प्रती संपल्या. फाइल त्यांच्याकडे आहे, आणखी शंभर काढायच्या तर डिजिटलवर काढून देतो म्हणतात, पण दर प्रतीमागे जवळजवळ दुप्पट पडतो आणि समितीच्या खात्यात तेवढे शिल्लक नाहीत. अध्यक्ष पदरचे घालायला तयार आहेत. त्यांच्या लेखातली कापलेली सहा पानं परत घालायची, एवढीच त्यांची अट आहे.